दुधाचा सुळा

माझा बाप देवणीच्या बाजारात जनावरांचा दलाल होता. गोऱ्ह्याचं तोंड उघडायला त्याला क्षण पुरायचा. एका हातानं नाकपुड्या दाबायच्या, दुसऱ्या हाताचा अंगठा जबड्याच्या रिकाम्या जागेत घालायचा, की तोंड उघडतंच. दुधाचे दात शाबूत असले तर आदत, पुढचे दोन पडून पक्के आले की दोनदाती, मग चारदाती. “उमर दातात असती,” तो म्हणायचा. आम्हा भावंडांच्या जन्मतारखा त्यानं कधी लक्षात ठेवल्या नाहीत. आमचीही तो तोंडंच उघडून बघायचा आणि आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही.

दुष्काळाच्या साली बाजार बसला. कडबा संपला, बैल खाटकाकडे गेले, आणि घरातलं एक खाणारं तोंड कमी करायचं म्हणून बापानं मला उजवायचं ठरवलं. मी अकरा-बारा वर्षांची असेन. मुखेडकडून मुलाचा बाप बघायला आला, तोही जनावरांच्याच धंद्यातला. त्यानं मला हसायला लावलं आणि म्हणाला, “वरचा सुळा दुधाचाच हाय की अजून. पोरगी आदत हाय. नवा सुळा येऊ द्या, मग बघू.” मी आत जाऊन जिभेनं तो सुळा चाचपला. घट्ट होता. कुणावर कधी आली नसेल एवढी माया मला त्या दिवशी त्या दातावर आली.

बाजारात एक लबाडी चालते. गोऱ्ह्याचे दुधाचे दात पकडीनं उपटायचे, म्हणजे जनावर आता दोनदाती होतंय, कामाला जुंपायजोगं झालंय असं गिऱ्हाइकाला वाटतं. त्या आठवड्यात बापानं ती लबाडी माझ्यावर केली. भर दुपारी, अंगणात. आईनं माझे पाय धरले. ती रडत होती, पण पाय तिनं सोडले नाहीत, आणि मी तिला ते अजून माफ केलेलं नाही. बापानं छातीवर गुडघा रोवला, अंगठा घातला, पक्कड लावली. न हलणारा दात उपटताना जो आवाज होतो तो डोक्याच्या आत होतो. तोंडात रक्त भरलं, मी ते त्याच्या सदऱ्यावर थुंकले.

दाताला लांब मूळ होतं. पडायला आलेल्या दुधाच्या दाताचं मूळ झिजून गेलेलं असतं, हे मला आता माहीत आहे. जनावरांचं सगळं कळणाऱ्या माझ्या बापाला ते तेव्हा कळलं नाही. “येईल आता नवा,” म्हणाला आणि पक्कड राखेनं पुसायला बसला.

महिना गेला. नवा आला नाही, मुखेडचा पाहुणा मात्र आला. “बघू गं माय, फुटला का,” म्हणत हिरडी चाचपायला त्यानं अंगठा माझ्या तोंडात घातला. मी चावले. हाड लागेपर्यंत चावले. त्यानं दुसऱ्या हातानं माझ्या कानशिलात दिल्या, तरी सोडलं नाही. बापानं केस धरून ओढलं तेव्हा पाहुण्याची कातडी माझ्या दातांत राहिली.

“असलं चावरं जनावर मला नगं,” म्हणत तो निघून गेला. बापानं बैलाचा चाबूक काढला. पाठ फुटली, पण लग्न मोडलं होतं, आणि मी मार खाता खाता मनातून हसत होते. ती गोष्ट गावोगाव गेली. पुढं सात-आठ वर्षं मला बघायला कुणी फिरकलं नाही. तेवढ्यात मी मॅट्रिक झाले.

लातूर जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या निघाल्या, एकीत मला कारकुनाची नोकरी लागली. तिथं पहिल्यांदा दातांच्या डॉक्टरकडे गेले. त्यानं फोटो काढला. पक्का सुळा होता, टाळूच्या हाडात आडवा पडलेला. खाली उतरायला त्याला वाटच सापडली नव्हती. तो अजून तिथंच आहे.

बाप म्हातारा झाला, त्याचे दात गेले. खाली एक, वर एक एवढेच उरले, दोन्ही किडलेले. मी त्याला त्याच डॉक्टरकडे नेलं. खुर्चीत बसल्यावर तो तोंड उघडेना.

“बाई, तुम्ही सांगून बघा,” डॉक्टर म्हणाले.

मी सांगितलं नाही. डाव्या हातानं त्याच्या नाकपुड्या दाबल्या आणि उजव्या हाताचा अंगठा आत घातला. तोंड उघडलं. त्याचे डोळे माझ्यावर खिळले, भ्यालेले, आणि मला ते बघून बरं वाटलं. अंगठा मी त्याच्या त्या दोन दातांमध्ये नेऊन ठेवला.

“चावा, आबा,” मी म्हणाले.

डॉक्टर गोंधळून बघत राहिले. आबांना सगळं कळलं होतं. त्यांनी दात माझ्या अंगठ्यावर टेकवले. मी वाट बघत होते, किती वेळ कोण जाणे. त्यांनी दाबले नाहीत.