मेव्हण्यांचा चिमुकला सर्व्हर

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान नेटवर्कचं सामान दुरुस्त करायचे. राउटर, स्विच, ऑफिसातले टेबलावरचे फोन. ही उपकरणं सुरू होताना आपल्याला लागणारी फाइल नेटवर्कवरून मागून घेतात. ती देणारा एक चिमुकला सर्व्हर, म्हणजे तेवढंच काम करणारा प्रोग्रॅम, मेव्हण्यांनी लिहिला आणि इंटरनेटवर खुला ठेवला. कोणीही फुकट घ्यावा, उघडून बघावा, बदलावा. मला त्यातलं फारसं कळत नाही. तो फाइलचा एक तुकडा देतो, ‘मिळाला’ अशी पोच येईपर्यंत थांबतो, मगच पुढचा देतो, एवढं त्यांनी मला समजावलं होतं.

“जगभरची यंत्रं सुरू करतात,” बहीण म्हणायची, “आमचा मिक्सर तेवढा बंद!”

मग त्यांची नजर जाऊ लागली. डॉक्टरांनी हात टेकले. मेव्हण्यांना एकच घोर लागला: दिसतंय तोवर सर्व्हर कोणाच्या तरी हाती सोपवायचा. सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पानावर त्यांनी तशी विनंती टाकली. पण एकदा सर्व्हर घेतल्यावर ते पान कोण उघडतो? आणि तो कोण वापरतं हे कळण्याची सोय त्यांनी मुद्दामच ठेवली नव्हती.

“लोकांच्या घरात डोकावायचं नाही, दादा,” ते म्हणायचे.

आता निरोप पाठवायला पत्ताच नव्हता.

एकदा मी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं, तिथे एकजण नवे फोन जोडत होता. मेव्हणे त्याच्या लॅपटॉपला नाक लावून बघू लागले. तोच सर्व्हर.

“हा कोणी लिहिलाय हो?”

“कुणास ठाऊक, काका. कधी बंद पडला असता, तर शोधलं असतं!”

तो हसला. मेव्हणेही हसले.

“सांगायचं ना त्याला!” बाहेर आल्यावर मी चिडलो.

“कामात होता बिचारा.”

विनंतीखाली एकच उत्तर आलं: आमचा फोन सुरू होत नाही, ताबडतोब दुरुस्त करा. बहिणीने ते वाचून दाखवलं. मेव्हण्यांनी तिच्याकडून लिहून घेतलं, ‘तुम्ही सांभाळाल का?’ त्यावर पुन्हा काही आलं नाही.

अक्षरं पार दिसेनाशी झाल्यावर त्यांनी मला संगणकापुढे बसवलं. मी एका बोटाने टाइप करणारा. ते एक शब्द सांगत आणि थांबत.

“झालं, दादा?”

“झालं.”

मग पुढचा. असं करत पानावर ओळ चढली: ‘यापुढे या सर्व्हरची दुरुस्ती होणार नाही.’

“खाली कोणी काही लिहिलंय का, बघा जरा.”

मी पान शेवटपर्यंत सरकवलं. “नाही.”

“बरं. बंद करा पान.”

मी बटण दाबलं.

“झालं?”

“झालं,” मी म्हणालो, आणि पुढच्या शब्दासाठी बोट तसंच उचलून बसून राहिलो.