सव्वा महिन्याची ऊब

आमच्या घरात गिझरचा फ्यूज बाबांच्या शर्टाच्या खिशात असायचा, चष्म्याच्या घराशेजारी. ज्याला गरम पाणी हवं असेल त्यानं बाबांकडे जायचं, कारण सांगायचं, आणि ते पटलं तर बाबा स्टूलवर चढून फ्यूज बसवणार. डोकं दुखतंय हे कारण त्यांना माझ्या आठवणीत एकदाही पटलेलं नाही. डोक्याला बाम असतो, म्हणायचे.

मी बाळंतपणाला माहेरी आले ती लॉकडाऊन उठल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात. शनिवार पेठेत, नदीच्या बाजूला, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या. ऊन आत यायचं ते सकाळी अर्धा तास, तेही समोरच्यांनी चादरी वाळत घातल्या नसतील तर. बाबांनी तीस वर्षं एका छापखान्यात लग्नपत्रिका छापल्या. त्या वर्षी लग्नं थांबली, जी झाली ती पन्नास माणसांत, आणि पत्रिका मोबाइलवर. छापखान्याला कुलूप लागलं. तरी बाबा रोज दहाला, रात्रभर गादीखाली ठेवून इस्त्री केलेला शर्ट घालून, "जरा चक्कर मारून येतो" म्हणत निघायचे आणि बाराला परत यायचे. कुलूप बघायला दोन तास लागत नाहीत, हे आईलाही कळत होतं आणि मलाही. आम्ही दोघी मूग गिळून गप्प.

माझा नवरा वाघोलीला एका वर्कशॉपमध्ये. पगार अर्ध्यावर आलेला, सुट्टी फक्त रविवारी. त्यात मुलगी पाच आठवडे आधीच आली. पावणेदोन किलोची. हातात घेतली तर पिशवीत भाजी कमी आणल्यासारखी वाटायची. तिला बारा दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं. त्या बारा दिवसांत नवऱ्याची शिल्लक संपली आणि आईच्या पाटल्या गेल्या. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की ही अजून स्वतःचं अंग गरम राखू शकत नाही, तिला सतत ऊब हवी. दर आठवड्याला वजन करायचं. वजन घटत राहिलं तर पुन्हा पेटी. आणि पुन्हा पेटी म्हटलं तर आमच्याकडे विकायला काही उरलेलं नव्हतं. म्हणजे बघा, माझ्या मुलीचा सगळा जीव त्या घराच्या उबेवर टांगलेला, आणि ऊब कशाची, तर बाबांच्या घरातली.

बाबांची काटकसर ही चेष्टेची गोष्ट नव्हती, तो त्यांचा धर्म होता. फ्रीज दिवाळीनंतर बंद. थंडीत अख्खं पुणंच फ्रीज असतं म्हणे. कुकरची दुसरी शिट्टी झाली की गॅस बंद, आणि कुकर उचलून थेट जुन्या गोधडीत. आतल्या वाफेवर डाळ आपोआप शिजते. खरंच शिजायची, खोटं कशाला बोलू. मी मुलीला घेऊन आले तेव्हा त्यांनी त्यात सुधारणा केली. तिचे ओले लंगोट त्या गोधडीच्या घड्यांत घालायचे, कुकरच्या भोवती. तासाभरात खडखडीत वाळायचे. माझ्या मुलीच्या लंगोटांना सव्वा महिना तुरीच्या वरणाचा वास येत होता.

माझ्या न्हाणाचीही तीच तऱ्हा. बाळंतिणीला तेल लावून कढत पाण्यानं न्हायला घालायचं, त्याला बादल्याच्या बादल्या लागतात. बाबांनी तेलाचे चार रिकामे पत्र्याचे डबे छापखान्यातल्या उरलेल्या काळ्या शाईनं रंगवले आणि भरून गच्चीवर ठेवले. दुपारी ऊन सरकेल तसे तेही सरकवायचे. तीन वाजता पाणी असं तापायचं की हात घालवत नसे. फक्त शाई कधी पुरती वाळली नाही, त्यामुळे आईचे हात काळे आणि माझी पाठही काळी. दुपारी तीनला न्हाणारी बाळंतीण पेठेत कोणी पाहिली नव्हती. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी आईला विचारलंसुद्धा, की तुमच्याकडे सकाळ उशिरा होते का. आई म्हणाली, आमच्याकडे सूर्य उशिरा उतरतो.

आज हे सांगताना मला हसू येतं. तेव्हा अंगाचा तिळपापड व्हायचा.

दवाखान्यात मला शिकवलं होतं, की बाळाला नुसत्या लंगोटावर आपल्या उघड्या छातीशी धरून बसायचं, कातडीला कातडी लागली पाहिजे, वरून पांघरूण. तसं मी धरत होते. पण बाई माणूस चोवीस तास कशी धरणार? जेवायचं, झोपायचं, टाके दुखायचे. मी खाली ठेवली की अर्ध्या तासात तिचे पाय गार. म्हणून रविवारी नवऱ्यानं कोणाकडून तरी मागून एक हीटर आणला. बाबांनी तो लावला, बाहेर जाऊन मीटर पाहिलं, आत आले आणि बटण बंद केलं. दिवसभर नाही, पहाटे एक तास, म्हणाले. त्यापेक्षा खोलीतली ऊब बाहेर जाते ती आधी अडवू. मग संध्याकाळभर बसून त्यांनी खिडकीच्या सगळ्या फटी बुजवल्या, चुकीच्या छापून वाया गेलेल्या लग्नपत्रिका घड्या करकरून. काम अगदी सुबक. वाऱ्याची झुळूक म्हणून यायला जागा ठेवली नाही.

त्या रात्री मी त्यांना म्हटलं, "तुम्हाला फक्त मीटर दिसतं, बाबा. ही गेली तरी तुम्ही आधी दिवा बंद कराल."

बाबा म्हणजे एरवी शब्दाला शब्द देणारा माणूस. त्यांनी पांघरूण ओढलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. हे वाक्य मी बोलले याची मला आजही लाज वाटते.

चार दिवसांनी मला ताप भरला. दूध साठून छातीत गाठ झालेली, हात वर करवत नव्हता, मुलीला छातीशी धरणं तर दूरच. तो गुरुवार होता. आमच्याकडे दुरुस्तीची म्हणून वीज जाते ती गुरुवारीच, त्यामुळे हीटरचा प्रश्नच मिटला. आईला वाटलं, आपल्या आईनं आपल्याला शेकलं, आपणही शेकावं. तिनं माळ्यावरून जुनी शेगडी काढली, कोळसे फुलवले, वर ओवा टाकला आणि शेगडी माझ्या नि मुलीच्या खाटेखाली सरकवली. दारही ओढून घेतलं, ऊब टिकावी म्हणून. खिडकी बाबांनी बुजवलेली, दार आईनं लावलेलं, आणि मध्ये कोळसे. दोघांनी आपापल्या परीनं चांगलंच केलं होतं.

खोली छान उबली. मला आधी बरं वाटलं, मग डोकं जड झालं, मग वाटलं की आता झोपावं, खूप झोपावं. बाबा बाराला परत आले. त्यांनी दार उघडलं म्हणून मी हे लिहितेय. त्यांनी मुलीला उचलून अंगणात नेलं, मला दंडाला धरून ओढलं, आणि आत जाऊन हातानं ओरबाडून खिडकीतल्या पत्रिका काढल्या. मुलगी रडत नव्हती. नुसती लिबलिबीत पडली होती. आई दारात उभी राहून मी केलं, मी केलं, एवढंच म्हणत होती. वाऱ्यावर आल्यावर दोन-तीन मिनिटांनी मुलगी रडली. तेवढी मिनिटं मी माझ्या वैऱ्यावरही येऊ नयेत म्हणते.

तिघंही तिला घेऊन रिक्षानं दवाखान्यात गेलो. मुलगी बचावली होती, पण वजन मागल्या आठवड्यापेक्षा घटलं होतं. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला असं फाडून खाल्लं की काही विचारू नका. बंद खोलीत कोळसा म्हणजे विष, तुम्ही पुण्यात राहता की जंगलात, वगैरे. मग माझा ताप पाहिला आणि थोड्या शांत झाल्या. म्हणाल्या, पेटीत ठेवायला लागेल असं दिसतंय. पण एक आठवडा बघू. आईच्याच छातीशी धरलं पाहिजे असं नाही, घरातल्या कोणत्याही धडधाकट माणसाच्या अंगाला तेवढीच ऊब असते. फक्त दिवसचे दिवस धरायला हवं.

आईचे गुडघे, त्यात घरचं सगळं काम आणि माझा ताप. नवरा वाघोलीला.

"घरात दिवसभर रिकामं कोण असतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

 मी माहेरी आल्यापासून पावणेदोन महिने ज्या गोष्टीला आई आणि मी, आम्ही दोघींनी हात लावला नव्हता, ती त्या बाईंनी सहज टेबलावर ठेवली. बाबांनी चष्मा काढून पुसला.

"मी," ते म्हणाले. "मी रिकामाच आहे."

घरी आलो तोवर वीज आली होती. बाबांनी आधी गिझरचा फ्यूज बसवला, मग हीटर लावला, आणि पडद्यामागे जाऊन बनियन काढून आले. माझ्या बाबांना उघड्या अंगानं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत बटणं लावणारा माणूस. लेकीसमोर त्यांना इतकं अवघडल्यासारखं झालं होतं की खुर्चीत बसून ते घड्याळाकडेच बघत होते. छातीच्या फासळ्या दिसत होत्या. हे इतके वाळलेत हे मला त्या दिवशी कळलं. मी मुलीला नुसत्या लंगोट-टोपड्यावर त्यांच्या छातीवर पालथी ठेवली, आईनं आपल्या मऊ जुन्या लुगड्यानं दोघांना एकत्र बांधलं आणि वर शर्ट, त्यावर शाल. मुलीनं दोनदा कुरकुर केली आणि झोपली. दहा मिनिटांनी मी तिच्या पायांना हात लावून पाहिला. गरम होते.

"युनिट किती पडतात?" मला राहवलं नाही.

"शून्य," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून दहाची चक्कर बंद झाली. दहाला बाबा खुर्चीत. मी पाजायला घ्यायची, ओलं बदलायची आणि परत त्यांच्याकडे द्यायची. पेपरचा आवाज होतो म्हणून त्यांनी पेपर सोडला. खोकला आला तर गिळायचे. दुपारी गच्चीवरचे डबे आई सरकवायची आणि बाबा खुर्चीतून हाका मारून सांगायचे, आता टाकीच्या बाजूला, आता कठड्याला. हळूहळू ते तिच्याशी बोलायलाही लागले, आम्ही स्वयंपाकघरात आहोत असं वाटलं की. काय बोलायचे? छापखान्याबद्दल. मशीन कसं चालतं, हळदी रंगाचा कागद कुठून यायचा, एका पत्रिकेवर नवऱ्याच्या जागी सासऱ्याचं नाव कसं छापलं गेलं होतं. कुलूप लागलं त्या दिवशी मालकानं चहा पाजला, तेही तिलाच सांगितलं. आम्हाला त्यातलं अक्षर माहीत नव्हतं. आई पोळ्या लाटता लाटता डोळे पुसायची आणि मला म्हणायची, आवाज करू नकोस.

आठवड्यानं वजन वाढलं. पेटी टळली. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी वाढलं. मीही बरी झाले, पण बाबांची पाळी बाबांचीच राहिली. आणि सव्वा महिना झाला तेव्हा काटा अडीच किलोच्या पुढे सरकला. डॉक्टरीणबाई प्रथमच हसल्या. म्हणाल्या, आता ही आपली आपण गरम राहील, आता छातीशी धरायची गरज नाही, खुशाल पाळण्यात घाला. त्या संध्याकाळी आईनं शिरा केला, मोठ्या आचेवर, आणि बाबांनी गॅसकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी त्यांची कधी माफी मागितली नाही. आमच्या घरात तशी पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला झबलं घालून पाळण्यात निजवत होते. दहा वाजले होते. बाबा येऊन खुर्चीत बसले आणि शर्टाची बटणं काढायला लागले.

"बाबा, आता गरज नाही म्हणाल्यात ना डॉक्टर."

बाबांचा हात तिसऱ्या बटणावर थांबला. बाहेर जायचं ठिकाण त्यांना उरलं नव्हतं, आणि आता हे घरातलंही संपत होतं.

"तिला नसेल," ते म्हणाले.

मी झबल्याच्या नाड्या सोडल्या आणि तिला त्यांच्याकडे दिलं.