पुलावरची सावड

शांतिसेनेतलं ते पोस्टिंग आफ्रिकेतलं. मी सप्लाय कंपनीत सुभेदार. बंदरावर उतरलेली औषधं सरहद्दीपलीकडच्या आमच्या हॉस्पिटलला पोचवायची, एवढंच काम. मर्दुमकीच्या गोष्टी हव्या असतील तर दुसऱ्या कुणाला विचारा. आम्ही टायर तपासायचो, खोकी मोजायचो, चहा प्यायचो. मजेत होतो.

माझा ड्रायव्हर नाईक बबन नांद्याचा, मी रिह्याचा. मुळशीची दोन माणसं एका गाडीत, मग काय! दिवसभर भाताच्या गप्पा.

एका सकाळी पलीकडचं सरकार उलथलं. सरहद्दीवरचा पूल बंद झाला. रेडिओवर कॅप्टनसाहेब होते.

"व्हेइकल्स होल्ड. नो क्रॉसिंग. ओव्हर."

हॉस्पिटलात सलाइन संपत आलं होतं. पुलापलीकडे बंदराकडे निघालेले कॉफीचे ट्रकही अडकले होते. त्यांचं जहाज चुकणार होतं.

बबन म्हणाला, "साहेब, बंदी गाडीला हाय, माणसाला न्हाई. बाया डोक्यावर पाट्या घिऊन चालल्यात की! सावड करू."

सावड म्हणजे आमच्याकडची भातलावणीची रीत. आज सगळे माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. मजुरी नाही. मी परवानगी मागितली, मिळाली. बबननं पलीकडच्या ड्रायव्हरांना हातवारे करून समजावलं. माल डोक्यावरून पुलापार न्यायचा, मग त्यांच्या ट्रकनी आमची खोकी हॉस्पिटलला न्यायची, आमच्या ट्रकनी त्यांची पोती बंदराला. आमचे भाड्याचे ट्रक बंदराला रिकामेच परतणार होते.

दुपारपर्यंत औषधं पलीकडे गेली. पोती येऊ लागली, तोच नदीकाठी गोळीबार सुरू झाला.

"बबन, मागं फिर! काम झालंय!"

"आपलं झालंय, साहेब. त्यांची सावड फिटली न्हाई अजून."

पोत्यासकट तो पुलावर पडला. त्यानंच वाहिलेलं सलाइन हॉस्पिटलात त्याला लावलं. तो वाचला नाही. मला त्याचा अजून राग येतो. अभिमानही लई वाटतो.

आता मी पिरंगुटच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. कुठंतरी लढाई पेटते, जहाजं लांबच्या वाटेनं वळतात, ऑफिसातली पोरं डोकं धरून बसतात. मी आधी चहा मागवतो, मग फोन फिरवतो. माल पोचतो.

नांद्यात बबनच्या रानाभोवती इमारती झाल्या. वहिनींनी एक खाचर राखलंय, त्याच्या लावणीला आमची भावकी जाते. आणि आमच्या लावणीला वहिनी येतात, सगळ्यांच्या आधी.

यंदा मी म्हणालो, "वहिनी, गुडघे दुखतात ना? बसा की. तुमची सावड आम्ही माफ केली."

"माझी न्हाई दादा, ह्यांची हाय," म्हणाल्या, आणि रोपांची जुडी घेऊन चिखलात उतरल्या.