मोहाच्या पाकात माझं पाणी

बायकोच्या पाकात मी पाणी घातलं, तेही चांगल्या मनानं. बाटली उलटी केली तरी पाक तोंडाशीच अडून बसायचा. मला वाटलं, परवा मोठ्या लोकांसमोर बाटलीच्या बुडावर थापा माराव्या लागल्या तर बरं दिसेल का? म्हणून तिला न विचारता माठातलं गिलासभर पाणी ओतलं, हलवलं, झाकण घट्ट लावलं. पाक धो धो वाहू लागला. मी स्वतःवरच खूश. मग दोन दिवस ती बाटली भर उन्हाळ्यात चुलीजवळच्या फळीवर राहिली.

हा पाक मोहफुलांचा. आमच्या मूल तालुक्यात बाया पहाटे मोह वेचतात, वाळवतात आणि व्यापाऱ्याच्या पोत्यात ओततात. पुढे त्याची दारू होते हे सगळ्यांना ठाऊक असतं, बोलत कोणी नाही. बायकोनं या वर्षी फुलं विकली नाहीत. लहान धंदा करणाऱ्यांना शिकवायला, सल्ला द्यायला केंद्रं काढावीत असा सरकारनं कायदा केला, आणि त्यातलं एक गडचिरोलीत निघालं. तेव्हा पानठेल्यावर मी भाषण दिलं होतं, "कायद्यानं कोणाचा धंदा चालते का? बोर्ड लागन, फीत कापतीन, मंग कुलूप लागन." सगळे हसले. घरी आलो तर बायको तिथं नाव नोंदवून आलेली.

मी ज्या परवाची काळजी करत होतो, त्या दिवशी तिला तिथं पाकाचा नमुना दाखवायचा होता. पसंत पडला तर केंद्रातलं पॅकिंगचं मशीन वापरायला मिळणार, लायसनच्या कागदांनाही तेच मदत करणार. नाही तर घरातली फुलं पुन्हा त्याच व्यापाऱ्याच्या पोत्यात.

बसमध्ये बाटली माझ्या मांडीवर होती. वैनगंगेचा पूल जवळ आला, गाडी गतिरोधकावरून आदळली आणि झाकण फटकन उडालं. आंबलेल्या पाकाचा फेस माझ्या शर्टावर, दारूसारखा वास अख्ख्या गाडीत. नदीच्या अलीकडे आमचा चंद्रपूर जिल्हा, तिथं दारू चालते. पलीकडे गडचिरोली, तिथं बंदी.

कंडक्टर येऊन उभा राहिला. "काका, सकाळी सकाळीच? आन् तेही पुलाच्या तोंडावर?"

"दारू नाई भाऊ, पाक आहे."

"पाक मी बी खातो. त्याले असा वास नाई येत."

"माझ्या ट्रेनिंगचा नमुना आहे तो, भाऊ," बायको म्हणाली. मग तिनं बाटली घेतली, हुंगली आणि माझ्याकडे पाहिलं. "यात काही टाकलं का तुम्ही?"

"थोडंसं पाणी."

कंडक्टरनं बेल मारली, गाडी थांबली. ती उतरली, रस्त्याच्या कडेला बाटली रिकामी केली आणि परत येऊन बसली. पूल संपेपर्यंत ती नदीकडेच बघत होती. घरात, गावात, लग्नात किस्से सांगत फिरणारा माणूस मी, पण तेव्हा रुमालानं शर्ट पुसत बसलो.

केंद्रात शिकवणाऱ्या मॅडमसमोर तिनं रिकामी बाटली ठेवली. मी पुढे सरसावलो, "मॅडम, हे माझ्यानं..."

"दिसते आहे," माझ्या शर्टाकडे बघत त्या म्हणाल्या. "ताई, फुलं आणली का?"

केंद्रात मोहाचे लाडू शिकवणार म्हणून आणलेली वाळक्या फुलांची पिशवी तिच्याजवळ होती.

"मग गॅस आहे, गंज-पातेली आहेत. करा इथंच."

"पण नमुने तर आत्ताच पाहणार होते ना?" बायकोनं विचारलं.

"संध्याकाळपर्यंत मी आहे. अन् नापास करायला सरकारजवळ दुसरी ऑफिसं आहेत. हे केंद्र काऊन काढलं मग?"

बायकोनं पदर खोचला. फुलांतले केसर झटकायचं काम मला मिळालं. तिच्यासोबत शिकणाऱ्या बाया आपापली कामं सोडून आल्या, फडकं धरलं, उकळलेली फुलं पिळून दिली. त्यातली एक म्हणाली, "भाऊजी, पाण्याचा माठ तिकडं सरकवू का? तुमचा काही भरवसा नाई." सगळ्या हसल्या. बायकोही हसली, आणि मी पुन्हा केसर झटकायला लागलो.

उन्हं उतरली तेव्हा मॅडमनी बशीत पाकाचा थेंब टाकला आणि बशी उभी धरली. थेंब जागचा हलला नाही. जो दाटपणा मला खोट वाटला होता, तोच बघून त्या मान डोलावत होत्या. "हा टिकते. सोमवारपासून मशीन तुमचं, ताई."

तो कायदा मी आजही वाचलेला नाही. कुठल्या कलमात काय आहे विचाराल तर पानठेल्यावर सांगेन तसं काहीतरी ठोकून देईन. पण त्या दिवशी रटरटणारा गंज आणि आमच्यासाठी थांबून राहिलेली ती बाई मी पाहिली. ज्या कोणी तो कायदा लिहिला त्याला माझा रामराम. भाषण मी परत घेतलंय. ठेल्यावर अजून कळवलं नाही, एवढंच.

परतीच्या गाडीत नव्या पाकानं भरलेली बाटली तिच्या मांडीवर होती. पूल आला तसं तिनं झाकणावर हात ठेवला आणि म्हणाली, "पुढच्या बॅचमंधी तुमचं नाव देऊन आली मी. आता मले हाताखाली माणूस लागन. बाहेरचा ठेवण्यापेक्षा घरचाच शिकवलेला बरा."