वहीच्या कागदातली सुकट

सिरुसेरीला जाणाऱ्या ऑफिसच्या बसमध्ये खिडकीतून सुक्या मासळीचा वास आला, की मला वाटेवरच्या कोवलम या तमिळ कोळीगावातला साक्षरता वर्ग आठवतो. कॉलेजात असताना मी तिथे कोळणींना तमिळ अक्षरं शिकवायचे. शिकणाऱ्यांकडून पैसे किंवा खायची वस्तू घ्यायची नाही, असा आम्हा शिकवणाऱ्या मुलामुलींना नियम होता.

एकदा वर्गातल्या सेल्वीअक्कांनी वहीच्या कागदात बांधलेली सुकट पुढे केली. "टीचर, घरी घेऊन जा."

"नाही अक्का, आम्हाला चालत नाही," मी ऐटीत म्हणाले.

त्यांनी पुडी परत टोपलीत ठेवली, तेव्हा कुठे मला कागदावरची वेडीवाकडी अक्षरं दिसली. माझं नाव होतं ते. मी कधीच न शिकवलेलं, त्यांनी स्वतःच जुळवून लिहिलेलं.

कागद घेऊ नये, असं नियमात कुठेच नव्हतं.