वरचे दात आधी

जेम्सनं निकिताचे दात घासले, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला.

दात तोंडात असते तर पुण्याचं काम ठरलं असतं. पण ते होते एका जुन्या माउझर रायफलीच्या लाकडी दस्त्यावर, आणि जेम्सच्या हातात होता पॉलिशपेपर.

बंदुका दुरुस्त करायचं त्याचं श्रीरामपुरातलं दुकान वडिलांपासूनचं, परवान्यासकट. गिऱ्हाईक इतकं कमी की मधल्या वेळात तो लोकांची बिघडलेली कुलुपं उघडून देतो. ही रायफल आणली सहादेवरावांनी, कोपरगावाकडच्या मळ्यातून. उसात बिबट्या येतो म्हणून परवाना. बिबट्याला आजवर तिनं फक्त आवाज ऐकवलेला.

"अस्सल जर्मन हाय," सहादेवराव म्हणाले.

"अस्सल नसलेली अजून कुणी आणलीच नाही," जेम्स म्हणाला. बोल्ट ओढून काढला, त्याच्या अंगाला चिकटलेला, काडतूस ओढून काढणारा लांबलचक पंजा पाहिला, भिंग लावून बोल्टवरचा नंबर नळीजवळच्या नंबराशी ताडला. जुळला. "जर्मनच निघाली हो. पण गंजानं तिचं लोणचं केलंय."

जेम्सच्या वडिलांचा, म्हणजे प्रभुदासांचा, नियम होता : आधी वाफ, मग कागद. लाकूड कुठं दबलं असेल तिथं ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री दाबायची. दबलेलं लाकूड फुगून वर येतं. मगच घासायचं. त्या दिवशी लाईट गेलेली, इस्त्री थंडगार. दस्त्याच्या टोकाला वर दोन, खाली दोन असे बारके खळगे दिसले. "उंदीर," असा निकाल जेम्सनं दिला आणि कागद चालवला. खसखशीएवढा शिक्का वाचणाऱ्या माणसाला दात वाचता आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सहादेवरावांची बायको चांगुणा एसटीनं आली.

"बसा ताई." जेम्सला दुकानात शिरणारी प्रत्येक बाई ताईच.

"बसाया न्हाई आले. तेवढे दात घालवू नका, सांगाया आले. ह्यांना बजावलं हुतं, पन हे इसरले."

"कुणाचे दात?"

"आमच्या निकीचे. हे बंदूक पुसाया बसले की ती रांगत यायची अन् दस्ता चावायची. हिरड्या शिवशिवायच्या ना. दोन वर्साची हून गेली, तापात. फोटू एकच हाय, त्यात त्वांड मिटलेलं." तिनं दुकानभर नजर फिरवली. "हायेत ना?"

दस्ता फडक्याखाली होता. जेम्सचा हात आपोआप फडक्यावर गेला.

"आहेत की," तो म्हणाला. "सोमवारी या दोघं."

ती गेल्यावर त्यानं दस्त्यावरून अंगठा फिरवला. गुळगुळीत. इतकं सफाईदार काम त्यानं वर्षात केलं नव्हतं.

रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर एक तान्हं पोर बाकाची कड चावत होतं. कुरूम, कुरूम. प्रार्थनेत 'आमची ऋणे आम्हांस सोड' ही ओळ आली तेव्हा जेम्सचे ओठ हलले नाहीत. सिल्व्हियानं, त्याच्या बायकोनं, कोपरानं ढोसलं, "झोपलात का?" पोर तर केव्हाच आईच्या खांद्यावर गेलं होतं. कुरतडणं मात्र चालूच होतं.

सोमवारी सकाळी त्यानं गोल टोकाचा पंच आणि हातोडी घेतली. चार ठोके, चार दात. कुणाला कळणार? पण खोटे नंबर ठोकून बंदुका अस्सल करणाऱ्यांना त्यानं जन्मभर शिव्या घातल्या होत्या. पंच खाली ठेवला. मग हाताला काहीतरी उद्योग हवा म्हणून इस्त्री लावली, राहिलेली वाफ देऊन टाकू म्हणून फडकं ओलं केलं आणि दस्त्यावर दाबलं.

फडकं उचललं. गुळगुळीत लाकडावर तांदळाच्या कणीएवढे दोन उंचवटे. वरचे. पुन्हा फडकं, पुन्हा वाफ. खालचे दोन.

कारण त्याला ठाऊक होतं. दातांनी लाकूड खोलवर दाबलेलं. त्यानं भोवतालचं घासून खळग्यांच्या पातळीला आणलं. वाफेनं दबलेलं तेवढं फुगलं. कारण ठाऊक होतं, तरी त्यानं पॉलिशपेपर ड्रॉवरमध्ये टाकून ड्रॉवर लावून घेतला.

दुपारी दोघं आले. चांगुणानं डोळे मिटून बोट फिरवलं.

"हे तर रुतलेले हुते. भायेर कसे आले?"

जेम्सनं सगळं सांगितलं, उंदरासकट. सहादेवराव परवान्याची घडी घालत, उलगडत राहिले.

"म्हंजी उगवले," ती म्हणाली. "वरचे आधी का खालचे?"

"वरचे."

"तवाबी वरचेच आधी. वरचे आधी आले की मामाला जड म्हणत्यात. मामानं झबलं-टोपडं आनायचं, मग जड उतरतं. मला तर भाऊच न्हाई. ते तसंच ऱ्हायलं." तिनं पदरानं दस्ता पुसला. "तुमी मला ताई म्हनता ना?"

"म्हणतो," जेम्स म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"मंग झालं तर."

चार दिवसांनी तो बाळांच्या कपड्यांच्या दुकानात गेला.

"केवढं बाळ आहे?" दुकानदारानं विचारलं.

"आत्ताच दात आलेत."

"अरे वा! घरातच आहे का? आणा की, मापानंच देतो."

जेम्स पायऱ्या उतरून चालू लागला. अजूनही त्या दुकानापाशी आलं की तो रस्ता ओलांडतो.

"कुणाचं देणं आहे हो तिथं?" सिल्व्हिया चिडवते.

"तिथलं नाही," तो म्हणतो.

आणि हल्ली कुठलीही रायफल उचलली तरी त्याला ती दस्त्याकडून जड लागते.