पदवीदान समारंभातला तो आवाज

भूत, आत्मा, संकेत वगैरे मंडळींशी माझं कधीच जमलं नाही. मी झूऑलॉजीची. सोलापूरच्या आमच्या विद्यापीठाच्या माळावर फिरून मी कोळ्यांवर पीएच.डी. केली... जाळं विणणाऱ्या कोळ्यांवर. हे सांगावं लागतं, नाहीतर लोक माशांचे भाव विचारतात! ऐन उन्हाळ्यात कुसळांत पालथं पडून किडे बघणाऱ्या बाईला कुठलं भूत धरणार? तरी हे लिहितेय, कारण पदवीदानाच्या दिवशी भरल्या मंडपात जे झालं ते मला अजून उलगडलेलं नाही.

आधी आईबद्दल सांगते. सोलापूरजवळच्या कुंभारी गावात आमची पिठाची गिरणी आहे, ती आई चालवते. गिरणीच्या वर आवाज काढून बोलायची सवय, त्यामुळे ती कुजबुजली तरी पुढच्या गल्लीत कळतं. आई बी.ए. आहे. तिच्या वेळी सोलापूरला विद्यापीठ नव्हतं. कॉलेज इथलं, पण पदवी घ्यायला कोल्हापूर गाठावं लागायचं. तिला स्टेजवर जाऊन, टाळ्या ऐकत पदवी घ्यायची होती. वळसंगच्या आजोबांनी, म्हणजे तिच्या आप्पांनी, विषय तिथंच मिटवला. “एका कागदासाटनं पोरीला कोल्हापूरला धाडत न्हाय!” पदवी पोस्टानं आली. मग लग्न झालं, सासरच्यांनी तांदळात नवं नाव लिहिलं आणि गिरिजाची सुनंदा झाली. आप्पा माझ्या जन्माआधीच गेले. पण त्यांचं ते वाक्य आई अजून जसंच्या तसं म्हणून दाखवते, तेही गिरणीच्या वर आवाज काढून.

तर समारंभाचा दिवस. आई नवं इरकली लुगडं नेसून, हातात स्टीलचा डबा घेऊन हजर. गेटवरच्या सिक्युरिटीनं अडवलं.

“मावशी, डबा आत न्ह्येता येत न्हाय.”

“आरं, शेंगापोळी हाय की! बॉम्ब हाय व्हय? घे, तू बी खा.”

त्यानं दोन खाल्ल्या आणि तिला पालकांच्या रांगेत चांगली कडेची खुर्ची दिली.

नावं पुकारायला इंग्रजीचे सर होते. त्यांचा आवाज त्यांच्या शर्टासारखाच, कडक इस्त्रीचा. आम्ही उपरणी घालून स्टेजच्या पायऱ्यांशी उभे. माझ्या पुढची मुलगी पदवी घेऊन उतरली. आता माझंच नाव... तेवढ्यात स्पीकरमधून भलताच आवाज आला. जाडाभरडा, म्हाताऱ्या माणसाचा —

“गिरिजा मल्लप्पा बिराजदार!”

मी मागंपुढं बघितलं. आमच्यात अशी कुणी नव्हती. आणि पालकांच्या रांगेतून गिरणीवरचा आवाज आला — “आले की!”

आईचं माहेरचं नाव! ती डबा खुर्चीवर ठेवून, पदर सावरून तरातरा स्टेजवर चढली. कुणी अडवलं नाही. पाहुण्यांच्या हातात माझी पदवी होती, ती त्यांनी हसत तिला दिली. आईनं ती कपाळाला लावली आणि फोटोसाठी वळून ऐटीत उभी राहिली. टाळ्याच टाळ्या! मग सरांनी माझं नाव पुकारलं. मी वर गेले तर पाहुण्यांचे हात रिकामे. आईनंच पुढं होऊन पदवी माझ्या हातात ठेवली.

“धर नीट. चुरगाळशील.”

मला रडू आणि हसू एकदमच आलं. इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

नंतर सरांना गाठलं. ते म्हणाले, “अगं, तुझ्या नावाआधी मी पाणी प्यायला थांबलो होतो. माइकवर कुणीच नव्हतं.” व्हिडिओ मागवून बघितला. खरंच सर पाणी पितायत, माइक मोकळा, पंख्यांची घरघर... आणि मग एकदम स्वच्छ, “आले की!” पुकारा कुठंच नाही. आईनं आपल्या मनानंच डाव साधला म्हणावं, तर मी ते नाव तिच्या आधी ऐकलं. माझ्या गाइड मॅडमनी ऐकलं. आणि निघताना तो सिक्युरिटीवाला आपणहून विचारत होता, “मॅडम, ते म्हातारं कोण वो? लई प्रेमानं पुकारलं.” वायरिंग, दुसऱ्या मंडपाचा माइक, सगळं तपासून झालं. कुणाला शास्त्रीय कारण सुचलं तर जरूर कळवा, मी मनापासून वाचेन.

त्या दिवशी कॅम्पसातल्या लिंबाखाली शेंगापोळ्या खाताना मी आईला छेडलंच. “खरं सांग, तू आपली आपणच उठलीस ना?”

“बोलावल्याबिगर मी कुटं जाते व्हय?”

“मग बोलावलं कुणी?”

आईनं हातातला पोळीचा तुकडा डब्यात ठेवला.

“तू कशी वळखशील, तू बगितलंच न्हाईस त्यास्नी,” ती म्हणाली. “आप्पा हुते. धाडलं की शेवटी.”